ड्रोनचा गोंगाट : तंत्र हाती, नियम मौन
रोटरच्या समक्रमणाने लघुविमाने शांत होऊ शकतात. पण त्यासाठी आधी आवाज मोजावा लागेल

जबलपूर : ज्यांना सर्वत्र ड्रोन म्हटले जाते, ती मानवरहित लघुविमाने देशात झपाट्याने वाढत आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून ड्रोनवरील वस्तू व सेवा कर सरसकट 5 टक्के झाला. त्याच महिन्यात केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने नागरी ड्रोनविषयीच्या नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला. उत्पादन, प्रशिक्षण, नोंदणी, हवाई क्षेत्र, दंड या सर्व बाबींवर चर्चा सुरू आहे. मात्र एक प्रश्न या चर्चेच्या कडेलाच राहिला आहे. घरांवरून, शेतांवरून आणि शाळा-रुग्णालयांवरून उडणाऱ्या या यंत्रांच्या आवाजाचे काय करायचे, हा तो प्रश्न.

जबलपूर हे शहर या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सोयीचे आहे. नर्मदाकाठचे हे शहर एकाच वेळी लष्करी छावणी, तोफा व दारूगोळ्याचे उत्पादनकेंद्र, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आणि हिरव्या मटारासाठी नाव असलेल्या जिल्ह्याचे मुख्यालय आहे. शेती, नागरी वस्ती आणि संरक्षण ही ड्रोनची तिन्ही कार्यक्षेत्रे येथे काही किलोमीटरच्या परिघात एकमेकांना भिडतात. शेतकऱ्याला आणि नागरिकाला शांत ड्रोन हवा आहे. छावणीच्या पहारेकऱ्याला मात्र शांत ड्रोन हीच चिंतेची बाब आहे. आवाज कमी करण्याचे तंत्र आता आवाक्यात येत असताना हा पेच अधिक स्पष्ट होतो.

आवाज येतो कोठून?

लहान ड्रोनच्या आवाजाचा मुख्य स्रोत त्याचे प्रोपेलर आहेत. प्रत्येक पाते हवा कापत पुढे जाते, तेव्हा हवेच्या दाबात एक लहानसा हेलकावा उमटतो. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 फेरे आणि 200 हेलकावे होतात. कानाला हा 200 हर्ट्झचा स्वर म्हणून ऐकू येतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही त्याच्यासोबत निर्माण होतात. याखेरीज पात्यांच्या कडांवर व टोकांशी भोवरे तयार होतात आणि त्यांची एक अनियमित सळसळ या स्वरांत मिसळते. मोटरचा स्वतःचा सूक्ष्म किणकिणाट वेगळाच असतो.

चार रोटरच्या ड्रोनमध्ये हे सारे चौपट होते. पण त्रास केवळ चौपटीमुळे होत नाही. चारही रोटर नेमक्या एका गतीने फिरत नाहीत. एकाचा स्वर 200 हर्ट्झ आणि शेजारच्याचा 203 हर्ट्झ असेल, तर दोन्ही मिळून सेकंदाला तीन वेळा चढणारा-उतरणारा आवाज ऐकू येतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात यालाच विस्पंद म्हणतात. तंबोरा जुळवणाऱ्याला हा अनुभव परिचित असतो. जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की त्यांतून एक डोलणारी लहर येते आणि तारा जुळल्या की ती लहर नाहीशी होते. ड्रोनच्या बाबतीत वाऱ्याची झुळूक आली किंवा यंत्र वळले की रोटरच्या गती बदलतात, त्यामुळे ही लहर सतत बदलत राहते. कानाला तिची सवय होत नाही. मधमाश्यांच्या मोहोळाची उपमा ड्रोनला वारंवार दिली जाते, त्याचे कारण हेच आहे.

अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या लँगली संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्राथमिक अभ्यासात श्रोत्यांना ड्रोनचे आणि रस्त्यावरील वाहनांचे आवाज ऐकवले होते. मोजमापात आवाज सारखाच असला, तरी ड्रोनचा आवाज श्रोत्यांना अधिक त्रासदायक वाटला. हा फरक सुमारे 5.6 डेसिबलइतका होता. वाहनाचा आवाज तेवढ्याने वाढवला असता, तेव्हा कोठे दोन्हींचा त्रास सारखा झाला असता. म्हणजे आवाज किती मोठा आहे, याबरोबरच तो कोणत्या जातीचा आहे, यालाही महत्त्व आहे.

समक्रमण म्हणजे काय?

रोटरच्या समक्रमणाची कल्पना या स्वरांवरच काम करते. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग सर्व रोटर अगदी एकाच गतीने फिरवण्याचा. एवढे साधले तरी विस्पंद थांबतात. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग पात्यांच्या परस्पर स्थितीचा आहे. एका रोटरचे पाते ज्या क्षणी हवेचा दाब वाढवते, त्याच क्षणी दुसऱ्याचे पाते अशा जागी हवे की त्याच्यामुळे दाब घटत असेल. दोन्ही हेलकावे ऐकणाऱ्याच्या कानाशी एकमेकांना छेद देतात आणि स्वर क्षीण होतो. दोन पात्यांच्या दोन रोटरसाठी हे अंतर 90 अंशांचे असते. चार रोटर 45-45 अंशांच्या अंतराने ठेवले, तर आदर्श स्थितीत मूळ स्वर आणि त्याचे दुसऱ्या व तिसऱ्या पटीतील उपस्वर नाहीसे होतात आणि उरतो तो चौपट वारंवारतेचा उपस्वर.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. केवळ एका तालात फिरणे म्हणजे शांत फिरणे नव्हे. ढोल-ताशा पथकातील सर्व ढोलांवर एकाच क्षणी टिपरू पडले की आवाज दणदणतो. चारही रोटरची पाती एकाच स्थितीत ठेवली, तर त्यांचा मूळ स्वर विस्कळीत फिरणाऱ्या रोटरच्या तुलनेत सुमारे 6 डेसिबलने वाढू शकतो. म्हणून गती जुळवून पात्यांची स्थिती मोकळी सोडणे हा उपाय अपुरा आहे आणि प्रसंगी तो उलटही पडू शकतो. लाभ मिळतो तो पात्यांमधील ठरावीक अंतर सतत राखण्यातून.

ही कल्पना नवी नाही. अनेक इंजिनांच्या प्रोपेलर विमानांत प्रवासी कक्षातील घुमघुम कमी करण्यासाठी ती अनेक दशकांपासून वापरात आहे. भारतीय हवाई दलात 2011 मध्ये दाखल झालेल्या सी-130जे सुपर हर्क्युलिसचे घराणे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्या विमानाचे सहा पात्यांचे चार प्रोपेलर मिनिटाला सुमारे 1020 फेऱ्यांच्या स्थिर गतीने फिरतात. वैमानिकाला अधिक जोर हवा असेल, तेव्हा फेरे वाढवले जात नाहीत, तर पात्यांचा कोन बदलला जातो. गती स्थिर असल्यामुळे चारही प्रोपेलरची पाती परस्परांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणे शक्य होते.

ड्रोनमध्ये अडते कोठे?

लहान ड्रोनची रचना नेमकी याच्या उलट आहे. त्याच्या पात्यांचा कोन कायम असतो आणि जोर वाढवण्या-घटवण्याचा एकच मार्ग म्हणजे रोटरची गती बदलणे. पुढे जायचे तर मागचे रोटर वेगाने फिरवायचे. उजवीकडे झुकायचे तर डावीकडचे. वाऱ्याचा धक्का बसला की नियंत्रक संगणक सेकंदाला शेकडो वेळा या गती बदलून यंत्र स्थिर ठेवतो. ड्रोन हवेत तरंगतो तोच मुळी रोटरच्या गतींमधील फरकाच्या आधारे. समक्रमणाची मागणी मात्र गती एकसारखी ठेवण्याची आहे. आवाज आणि संतुलन या दोहोंना एकच साधन उपलब्ध आहे आणि त्यात प्राधान्य अर्थातच संतुलनाला मिळते.

या ताणातून वाट काढण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. नासाच्या लँगली केंद्रातील संशोधकांनी 2019 मध्ये रोटरच्या स्थितीचे नियंत्रण करून स्वर कमी करण्याविषयी निबंध सादर केले. अनेक विद्युत प्रोपेलर असलेल्या वाहनांना या पद्धतीचा किती लाभ होऊ शकतो, याचाही विचार त्यांत होता. ढोबळमानाने पाहता तीन मार्ग दिसतात. यंत्र स्थिर तरंगत असताना किंवा सरळ रेषेत जात असताना समक्रमण लागू करायचे आणि वळताना ते सोडून द्यायचे, हा पहिला. सहा किंवा आठ रोटरच्या यंत्रात काही रोटर समक्रमित ठेवून उरलेल्यांवर संतुलनाचा भार टाकायचा, हा दुसरा. पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा लहान ड्रोनमध्येही बसवायची, हा तिसरा मार्ग. त्यात वजन, किंमत आणि बिघाडाची शक्यता वाढते.

यासाठी लागणारी अचूकता कमी नाही. दोन रोटर एकमेकांचा स्वर पुसत असताना त्यांच्या स्थितीत 5 अंशांची चूक झाली, तर एका रोटरच्या आवाजलहरीचा सुमारे सहावा हिस्सा शिल्लक राहतो. चूक 15 अंशांची झाली, तर शिल्लक निम्म्यावर जाते. मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या गतीने 15 अंश पार करायला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. म्हणजे पाते या क्षणी नेमके कोठे आहे हे सांगणारा संवेदक प्रत्येक मोटरवर हवा, आज्ञा तत्काळ पाळणारा गतिनियंत्रक हवा आणि एकसारख्या घडणीची पाती हवीत. स्वस्त ड्रोनमध्ये या तिन्ही गोष्टींवर काटकसर केली जाते.

लाभाची मर्यादा

तंत्राची मर्यादाही समजून घ्यायला हवी. समक्रमण केवळ स्वरांवर चालते. भोवऱ्यांची अनियमित सळसळ कोणत्याही तालात बसत नाही, त्यामुळे ती पुसली जात नाही. शिवाय लहरींचा परस्परछेद दिशेवर अवलंबून असतो. 200 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे 1.7 मीटर असते. ड्रोनचे रोटर एकमेकांपासून याहून बरेच जवळ असल्यामुळे हा स्वर बहुतेक दिशांना एकत्रच मंदावू शकतो. 800 हर्ट्झच्या उपस्वराची तरंगलांबी मात्र 40 सेंटिमीटरच्या आसपास येते. तेथे एका दिशेला आवाज घटला, तर दुसऱ्या दिशेला तो वाढतो. खालच्या अंगणातला आवाज कमी झाला आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर तो वाढला, असेही घडू शकते.

म्हणूनच समक्रमण हा एकमेव उपाय नव्हे. मोठी व सावकाश फिरणारी पाती, टोकांचा सुधारित आकार, पात्यांचे असमान अंतर हे उपाय जुने आणि परिणामकारक आहेत. पात्याच्या टोकाचा वेग कमी करणे हा त्यांतील पायाभूत उपाय आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने कड्यासारख्या आकाराचे प्रोपेलर विकसित केल्याने या विषयाकडे अलीकडे बरेच लक्ष वेधले गेले. समक्रमणाचे वैशिष्ट्य असे की पात्याचा आकार आणि यंत्राचा सांगाडा न बदलता, मुख्यतः नियंत्रणप्रणालीच्या बळावर ते साधता येते. ज्या देशाकडे संगणकीय कौशल्य आहे, त्याच्यासाठी ही बाब महत्त्वाची ठरते.

मोजपट्टीच नाही

भारतात मात्र या उपायांना चालना देणारी गोष्टच अनुपस्थित आहे. ऑगस्ट 2021 मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनी आधीच्या किचकट परवान्यांना फाटा दिला. वजनानुसार पाच गट पाडले. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत लघु, 150 किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठे. हवाई क्षेत्राची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी झाली. ड्रोन उद्योगासाठी 120 कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनाही त्याच वर्षी आली. या चौकटीत वजन, उंची, अंतर आणि ओळख यांच्या मर्यादा आकड्यांत दिलेल्या आहेत. यंत्राने किती आवाज करावा, याचा आकडा मात्र त्या नियमांत नाही.

दुसरीकडे ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम 2000 पासून लागू आहेत. निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, तर शांतता क्षेत्रासाठी दिवसा 50 व रात्री 40 डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. जुलै 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्ततेचा संबंध घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडला. पण हे नियम मुख्यतः ध्वनिक्षेपक, भोंगे, फटाके आणि बांधकाम यंत्रे अशा जमिनीवरील स्रोतांचा विचार करून रचलेले आहेत. दोन मिनिटांत डोक्यावरून निघून जाणाऱ्या यंत्राची तक्रार कोणाकडे करायची आणि ती सिद्ध कशी करायची, याचे उत्तर त्यांतून सहज मिळत नाही.

उंचीच्या मर्यादेचा एक अनपेक्षित परिणामही लक्षात घ्यायला हवा. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण करता येते. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. विमानांच्या सुरक्षेसाठी हे आवश्यकच आहे. पण मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. जबलपूरच्या डुमना विमानतळाभोवतीच्या त्या पट्ट्यात राहणाऱ्यांना म्हणूनच तोच ड्रोन अधिक मोठ्याने ऐकू येऊ शकतो. सुरक्षेचा नियम आवाजाचा भार जमिनीवर आणून ठेवतो. तो हलका करण्याची तरतूद दुसऱ्या कोणत्या तरी नियमात असायला हवी होती.

युरोपीय संघाने ही तरतूद केली आहे. 2019 च्या नियमावलीत 900 ग्रॅमखालच्या ठरावीक वर्गातील ड्रोनसाठी 85 डेसिबल ध्वनिशक्तीची कमाल मर्यादा घालण्यात आली. ती दोन वर्षांनी 83 आणि चार वर्षांनी 81 वर आणण्याचे वेळापत्रकही त्याच नियमात दिले गेले. वजन वाढले की मर्यादा एका सूत्रानुसार सैल होते. ध्वनिशक्तीचा हा आकडा यंत्राच्या एकूण ध्वनी-उत्सर्जनाचा असतो; अंगणात उभ्या माणसाच्या कानाशी मोजलेल्या पातळीशी त्याची थेट तुलना करता येत नाही. पण उत्पादकाला आज काय करायचे आणि चार वर्षांनी कोठे पोहोचायचे, हे त्या वेळापत्रकाने आधीच सांगून ठेवले.

ही दूरदृष्टी नसेल तर काय होते, याची उदाहरणे परदेशात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतील बॉनिथन या उपनगरात 2018 मध्ये ड्रोनद्वारे घरपोच वस्तू देण्याची चाचणी झाली, तेव्हा रहिवाशांची प्रमुख तक्रार आवाजाची होती. प्रकरण तेथील विधानसभेच्या चौकशीपर्यंत गेले आणि कंपनीला कमी आवाजाचे यंत्र विकसित करावे लागले. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील कॉलेज स्टेशन शहरात 2024 मध्ये अशीच सेवा वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा महापौरांनी आवाजाचे कारण देत केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाला पत्र लिहिले. दोन्ही ठिकाणी ड्रोन सुरक्षित होते आणि वस्तू वेळेवर पोहोचत होत्या. तरीही लोकांची नाराजी ओढवली.

शेतातला कान

भारतात या प्रश्नाची पहिली झळ शहरी ग्राहकाला बसणार नाही. देशात ड्रोनचा मोठा सरकारी विस्तार शेतीत होत आहे. केंद्र सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेत 1261 कोटी रुपयांच्या तरतुदीतून महिलांच्या 15,000 बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. यंत्राच्या किमतीवर 80 टक्के, कमाल 8 लाख रुपयांपर्यंत, साहाय्य मिळते. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस-सोयाबीनपासून जबलपूर जिल्ह्यातील पाटण, शहापुरा आणि सिहोरा परिसरातील मटार-गव्हापर्यंत हेच चित्र उभे राहत आहे. फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वर उडतो. दहा लिटर द्रावण उचलण्यासाठी त्याच्या रोटरना प्रचंड जोर लावावा लागतो. त्याचा आवाज सर्वांत जवळून आणि सर्वांत जास्त वेळ ऐकते ती बांधावर उभी असलेली चालक महिला.

तिच्या कानापर्यंत दिवसाला किती आवाज पोहोचतो, हे मोजणे अवघड नाही. कारखान्यातील कामगारांसाठी अशी मोजमापे दीर्घकाळ घेतली जात आहेत. फवारणीच्या ड्रोनला प्रमाणपत्र देताना पाण्याची टाकी, फवाऱ्याची रुंदी आणि उड्डाणाचा कालावधी यांबरोबर आवाजाचा आकडाही यंत्रावर छापला गेला, तर खरेदी करणाऱ्या बचत गटाला दोन यंत्रांत तुलना करता येईल. आज तो आकडा समोर नसल्यामुळे शांत यंत्र बनवणाऱ्या उत्पादकाला त्याचा मोबदला मिळण्याची शक्यता नाही. बाजारात ज्याची किंमत होत नाही, त्यासाठी महागडा संवेदक आणि अचूक गतिनियंत्रक कोण बसवील?

शांततेची दुसरी बाजू

प्रश्नाची दुसरी बाजू छावणीच्या बाजूने दिसते. जबलपूरचा तोफगाडी कारखाना 1904 चा आहे. 1969 मध्ये येथे लष्करी वाहनांचा कारखाना सुरू झाला. खमरियाचा आयुध कारखाना आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या छत्राखाली आहे. अशा शहराला शत्रूच्या ड्रोनचा विचार टाळता येत नाही. 27 जून 2021 च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. मे 2025 मध्ये पाकिस्तानने एका रात्रीत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाठवल्याचे भारत सरकारने सांगितले. युक्रेनने तर येणारे ड्रोन ओळखण्यासाठी हजारो ध्वनिसंवेदकांचे जाळे उभारले आहे. तेथे आवाज हाच इशारा आहे.

स्वर हीच ड्रोनची ध्वनिमुद्रा असते. पात्यांच्या फेऱ्यांची ठळक वारंवारता आणि तिच्या पटीतील उपस्वर यांवरून संवेदक ड्रोन ओळखतात. समक्रमण नेमके हेच स्वर पुसते. म्हणजे शेजाऱ्याला सुसह्य वाटणारे यंत्र पहारेकऱ्याला उशिरा कळते. टेहळणीसाठी हा गुण आपल्या सैन्यालाही हवा आहे, पण जे तंत्र आपल्याला उपलब्ध आहे ते प्रतिपक्षालाही उपलब्ध आहे. त्यामुळे संरक्षणव्यवस्थेला केवळ कानावर विसंबून चालणार नाही. रडार, रेडिओ-संकेत आणि कॅमेरे यांची जोड अनिवार्य ठरते.

सामान्य नागरिकापुढेही हाच पेच वेगळ्या रूपात उभा आहे. आज घराच्या खिडकीजवळ ड्रोन आला, तर तो आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. हा आवाज त्रासदायक असला, तरी तोच एक सूचनाही देतो. यंत्र पूर्ण शांत झाले, तर ही सूचना संपते. 2021 च्या नियमांत प्रत्येक ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक आहे. उड्डाणाचा प्रत्यक्ष माग देणारी यंत्रणा पुढे सक्तीची करण्याची तरतूदही त्या नियमांत ठेवली आहे. आवाज घटवण्याचे धोरण आणि ही ओळखयंत्रणा यांची जोडी जुळवणे आवश्यक आहे. ड्रोन जितका शांत, तितकी त्याची इलेक्ट्रॉनिक ओळख ठळक असली पाहिजे.

काय करता येईल?

पहिले पाऊल मोजमापाचे आहे. प्रत्येक प्रकारच्या ड्रोनला मान्यता देताना तरंगत असतानाचा आणि उडत असतानाचा आवाज ठरावीक पद्धतीने मोजून जाहीर करण्याची सक्ती करता येईल. सुरुवातीला मर्यादा न घालता केवळ आकडा जाहीर केला, तरी स्पर्धा सुरू होईल. त्यानंतर युरोपप्रमाणे टप्प्याटप्प्याने घटत जाणारी मर्यादा घालता येईल.

दुसरे पाऊल मोजपट्टी योग्य निवडण्याचे आहे. ध्वनिप्रदूषणासाठी प्रचलित असलेली मोजणी मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या स्वरांना कमी वजन देते. 200 हर्ट्झच्या स्वरातून ती सुमारे 11 डेसिबल वजा करते. समक्रमणाने तोच स्वर पुसला गेला, तर ऐकणाऱ्याला फरक जाणवेल, पण मापकाचा काटा फारसा हलणार नाही. उलट त्रासदायक विस्पंद असलेले यंत्र या काट्यावर उत्तीर्णही होईल. पर्यावरणीय ध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत ठळक स्वर असलेल्या आवाजाच्या मोजणीत 3 ते 6 डेसिबलची भर घालण्याची प्रथा आहे. भारतीय पद्धतीत असा स्वरभार अंतर्भूत केला, तरच रोटरच्या समक्रमणावर खर्च करणाऱ्या उत्पादकाच्या परिश्रमांची नोंद होईल.

तिसरे पाऊल स्थानिक क्षमतेचे. जबलपूरमध्ये 2005 पासून अभिकल्प व निर्मिती यांना वाहिलेली माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. 1947 पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि 1964 मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठही आहे. कारखान्यांतून अचूक घडणीचे कसब आहे. नियंत्रणप्रणाली, शेतातील प्रत्यक्ष चाचणी आणि उत्पादन या तिन्ही कड्या एका शहरात मिळणे दुर्मीळ आहे. महाराष्ट्रालाही या क्षेत्राचा आरंभकाळ माहीत आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये सुरू केलेल्या कंपनीने पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने नेत्र हा चार रोटरचा ड्रोन घडवला होता. पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाकडे डिसेंबर 2021 मध्ये ड्रोनने लसी पाठवण्यात आल्या. आरंभ झाला आहे. आता त्या आरंभाला शिस्त हवी.

रस्त्यांवर मोटारी आल्या तेव्हा भोंग्याचे नियम फार उशिरा आले आणि तोवर गोंगाट ही शहरांची सवय बनून गेली होती. ध्वनिक्षेपकांबाबतही तेच घडले. ड्रोनच्या बाबतीत ती वेळ अद्याप आलेली नाही. यंत्रांची संख्या आवाक्यात आहे, तंत्र दिसू लागले आहे आणि कायद्याचा मसुदा टेबलावर आहे. पाती तालात आणण्याचे काम अभियंत्यांचे. पण ते करण्याची गरज त्यांना नियमाच्या एका आकड्यानेच भासेल. तो आकडा नव्या कायद्यात येतो की नाही, यावर नर्मदाकाठच्या मटारशेतांपासून मुंबईच्या गच्च्यांपर्यंतचे आकाश कसे ऐकू येईल, हे ठरणार आहे.